सोलापूर : येणाऱ्यांचे आणि जाणाऱ्यांचे शहर

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला शाखा

शहर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुणे उभे राहते आणि खेडे म्हटले की नदी, देऊळ, पार आणि पिंपळ. आपल्या वाङ्मयातही बहुधा या दोहोंचीच वर्णने येतात. परंतु महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे या दोहोंच्या मधल्या शहरांत राहतात. ही शहरे फार मोठी नाहीत आणि लहानही नाहीत. आपले सोलापूर त्यांपैकीच एक. २०११ च्या जनगणनेत सोलापूर महानगरपालिकेची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. म्हणजे दहा लाखांच्या रेषेच्या थोडीशी अलीकडे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे अभ्यासाला अजून हेच आकडे घ्यावे लागतात.

अशा शहरात माणसे का येतात, आल्यावर का राहतात आणि राहून समाधानी असतात का, हा या लेखाचा विषय आहे. दिवाळीच्या सुट्टीत आणि त्यानंतरच्या काही रविवारी मी पूर्व भागातील यंत्रमाग कामगार, कुंभारीच्या घरकुलातील विडी कामगार स्त्रिया, मार्केट यार्डातील हमाल आणि जुळे सोलापुरातील नोकरदार कुटुंबे यांच्याशी बोलले. याला शास्त्रीय पाहणी म्हणता येणार नाही. पण प्रत्येकाला मी तेच तीन प्रश्न विचारले : इथे का आलात? इथेच का राहिलात? आणि आपल्या मुलांनी इथेच राहावे असे वाटते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चटकन मिळाली. तिसऱ्या प्रश्नाला मात्र बहुतेक जण थांबले. ते का थांबले, हेच मला पुढे सांगायचे आहे.

इथे का आलात?

सोलापूर हे मुळातच बाहेरून आलेल्यांचे शहर आहे. १८६० साली येथे रेल्वे आली. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. तिलाच पुढे लोक ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. शेत पिकत नव्हते आणि गिरणीला हात हवे होते. त्यानंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर गिरणगाव झाले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, विजापूर-गुलबर्ग्याकडून कानडी बोलणारी कुटुंबे आली, आसपासच्या तालुक्यांतून मराठी शेतकरी आले. म्हणूनच आजही आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येतात.

स्थलांतराविषयी आपण भूगोलात शिकतो की, त्याला ढकलणारी आणि ओढणारी अशी दोन प्रकारची कारणे असतात. ई. जी. रेव्हनस्टाईन या अभ्यासकाने १८८५ साली ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम मांडले. त्यांतला एक असा की, बहुतेक माणसे फार दूर जात नाहीत, जवळच्याच ठिकाणी जातात आणि टप्प्याटप्प्याने पुढे सरकतात. खेड्यातला माणूस लहान शहरात येतो, लहान शहरातला मोठ्या शहरात जातो. हा नियम वाचताना मला तो आमच्या घरावरूनच लिहिला असावा असे वाटले. माझे वडील मंगळवेढा तालुक्यातील एका खेड्यातून आले. तिकडची जमीन काळी आणि ज्वारीसाठी प्रसिद्ध. पण तीन भावांत वाटणी झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला जे आले त्यावर घर चालण्यासारखे नव्हते. ते मुंबईला का गेले नाहीत, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “मुंबईत आपलं कोण होतं? इथं यार्डात गावचा एक जण होता. त्यानं टोळीत घेतलं.”

जवळजवळ प्रत्येकाच्या उत्तरात असा ‘एक जण’ भेटला. कुणाचा मामा यंत्रमागाच्या कारखान्यात होता, कुणाची थोरली बहीण लग्न होऊन साखर पेठेत आली होती, कुणाच्या गावचा माणूस रिक्षा चालवीत होता. माणूस रोजगारासाठी येतो हे खरे. पण तो कोणत्या शहरात जाईल हे पुष्कळदा ओळखीवर ठरते. मध्यम आकाराच्या शहराचा पहिला गुण हाच की, तेथे पोहोचायला एक एस.टी. पुरते आणि पोहोचल्यावर ओळखीचे माणूस सापडते.

स्त्रियांची गोष्ट मात्र वेगळी आहे. जवळच्या अंतरावर स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक स्थलांतर करतात, असेही रेव्हनस्टाईनने म्हटले होते. आपल्या देशातील जनगणनेतही स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण ‘विवाह’ हेच दिसते. मी कुंभारीत एका अक्कांना विचारले, “तुम्ही सोलापूरला का आलात?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मी कुठं आले बाई, मला आणलं.” हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

इथेच का राहिलात?

या प्रश्नाला सर्वांत जास्त मिळालेले उत्तर म्हणजे ‘इथं भागतं’. घरभाडे पुण्याच्या मानाने कमी, भाजी स्वस्त, आणि शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सायकलवरही जाता येते. कामावरून दुपारी घरी येऊन जेवणारी माणसे मी पूर्व भागात पाहिली. हे सुख मोठ्या शहरातील कामगाराला मिळत नाही. जुळे सोलापुरात राहणारे एक निवृत्त शिक्षक म्हणाले, “पुण्यात मुलाकडे गेलो की दिवस प्रवासात जातो. इथं दहा मिनिटांत बँक होते, दहा मिनिटांत मंडई.”

दुसरे कारण दवाखान्याचे. धाराशिव, लातूर, विजापूर, गुलबर्गा या भागांतून रुग्ण सोलापूरला येतात. खेड्यात म्हातारे आईवडील असलेल्या माणसाला हे फार मोलाचे वाटते. गावापासून तास-दोन तासांच्या अंतरावर राहिल्याने तो लग्नकार्याला जातो, सुगीला जातो आणि कुणी आजारी पडले तर त्याच रात्री पोहोचतो. खेडे न सोडता शहरात राहण्याची सोय फक्त अशाच शहरात असते.

तिसरे कारण स्वतःच्या घराचे. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली व २००६ साली ती तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते सुपूर्द झाली. त्यानंतर रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. या दोन्ही कामांमागे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील कामगार चळवळ होती. विड्या वळण्याचे काम असे की, कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायचे, घरी बसून विड्या वळायच्या आणि हजारावर मजुरी घ्यायची. हजार विड्या वळायला जवळजवळ सारा दिवस जातो. अशा मजुरीवर जगणाऱ्या बाईच्या नावाने घर होते, ही गोष्ट साधी नाही. ज्या अक्कांनी “मला आणलं” असे सांगितले, त्यांनीच मला दारावरची स्वतःच्या नावाची पाटी दाखवली.

आणि चौथे कारण म्हणजे गड्डा! संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे लागतात. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या या यात्रेला सर्व भाषांची, सर्व पेठांची माणसे येतात. पुण्यास गेलेली मुले दिवाळीला आली नाहीत तरी गड्ड्याला येतात, असे एका आजोबांनी सांगितले. १९३० साली ज्या शहरात इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला, आणि जेथील मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली, त्या शहराचा अभिमान येथे रिक्षावाल्यालाही आहे. बाहेरून आलेला माणूस दहा वर्षांत ‘आमचं सोलापूर’ म्हणू लागतो.

तक्रारी नाहीत असे नाही. पहिली तक्रार पाण्याची. एकरुख तलाव १८७१ चा, उजनी धरण १९८० चे. शहराला पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या उजनीतूनही आणले जाते. तरीही गेली कित्येक वर्षे येथील बहुतेक भागांत नळाला रोज पाणी येत नसे. दोन-चार दिवसांआड येई. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी घरातील बाई कामाला जात नाही किंवा मुलगी कॉलेज बुडवते. म्हणजे पाण्याचा प्रश्न हा नुसता नळाचा नाही, तो स्त्रियांच्या मजुरीचा आणि हजेरीचाही आहे. दुसरी तक्रार उन्हाळ्याची. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस अंशांच्या पुढे गेला की मागावर उभे राहणे म्हणजे काय, ते तेथे उभे राहणाऱ्यालाच ठाऊक. तिसरी तक्रार मजुरीची, आणि ती आपल्याला तिसऱ्या प्रश्नाकडे नेते.

मुलांनी इथेच राहावे का?

येथे प्रथम थोडे गणित करू. शहराची लोकसंख्या दोन प्रकारांनी वाढते : जन्म मृत्यूंपेक्षा अधिक झाले तर, आणि येणारे जाणाऱ्यांपेक्षा अधिक असले तर. सोलापूरची लोकसंख्या १९९१ साली ६,०४,२१५ होती व २००१ साली ८,७२,४७८ झाली. ही उडी फसवी आहे. कारण १९९२ साली शहराची हद्दवाढ झाली आणि भोवतालची गावे शहरात आली. खरा अंदाज पुढील दशकावरून येतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत, हद्द तीच असताना, सोलापूर सुमारे ९ टक्क्यांनी वाढले. त्याच काळात महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला आणि पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या पंचवीस लाखांवरून एकतीस लाखांवर, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांनी वाढली.

याचा अर्थ काय? सोलापुरात बाहेरून एकही माणूस आला नसता आणि येथून एकही गेला नसता, तरी केवळ जन्ममृत्यूच्या फरकाने शहर नऊ टक्क्यांहून बरेच अधिक वाढले असते. माणसे तर येत आहेत, हे आपण रोज पाहतो. तेव्हा येणाऱ्यांपेक्षा जाणारे अधिक असले पाहिजेत. ज्या शहराला आपण वाढते शहर समजतो, ते एका दाराने माणसे घेत आहे आणि दुसऱ्या दाराने अधिक माणसे सोडत आहे.

येणारे कोण आणि जाणारे कोण, हे पाहिले की चित्र स्पष्ट होते. येणारे बहुधा कमी शिकलेले, हातांच्या जोरावर जगणारे. जाणारे बहुधा इथेच शिकलेले. आपल्या शहरात शिक्षणाची उणीव नाही. दयानंद महाविद्यालय १९४० चे. पुढे अनेक महाविद्यालये निघाली. २००४ साली एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले, ज्याला २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. परंतु शिक्षण वाढत असताना काम मात्र उलट दिशेने गेले. जुनी गिरणी १९४९ साली बंद पडली तेव्हा तिचे व्यवस्थापन सरकारने कायदा करून ताब्यात घेतले; त्यावरील खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९५० चा तो निकाल राज्यशास्त्राच्या व कायद्याच्या विद्यार्थ्यांना समतेच्या हक्कासंबंधी आजही अभ्यासावा लागतो. एवढे होऊनही ती गिरणी साठीच्या दशकात कायमची थांबली. पुढे १९९० च्या दशकात आणि त्यानंतर इतर मोठ्या गिरण्याही एकेक करून थांबल्या. गिरणीतील कामगाराला पगारपत्रक होते, निवृत्तिवेतनाचा फंड होता, संघटना होती. त्याच्या जागी आले ते यंत्रमाग. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, चादर जगभर गेली. पण मागावर उभा असलेला माणूस बहुधा दिवसाच्या कामावर पोट भरतो. मागावरच्या बापाला विचारले, “मुलानं हेच काम करावं का?” तर तो मान हलवतो. मग दुसरे कोणते काम, असे विचारले की तो पुण्याचे नाव घेतो.

२०१६ साली ‘स्मार्ट सिटी’ योजनेच्या पहिल्या वीस शहरांत महाराष्ट्रातील दोनच शहरे होती : पुणे आणि सोलापूर. एकाच यादीत असलेल्या या दोन शहरांत अडीचशे किलोमीटरचे अंतर आहे आणि ते अंतर रोज आपली मुले कापतात. हुतात्मा एक्स्प्रेस चार तासांत पुण्याला पोहोचवते. माझा थोरला भाऊ आय.टी.आय. करून चाकणला गेला. एका खोलीत चौघे राहतात. तरी महिन्याला घरी पैसे येतात. तो जाताना वडिलांनी त्याला एकदाही अडवले नाही. मीही पुढे पुण्याला शिकायला किंवा कामाला जावे का, असा विषय मी काढला तेव्हा ते म्हणाले, “तू इथंच काहीतरी बघ.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. पण ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे त्यांनाही सांगता आले नाही आणि मलाही नाही.

येथेच मला या साऱ्या विषयाचे मर्म सापडले असे वाटते. मध्यम शहरात काम नसले तर मुलगा पुण्याला जातो. त्याच्या दृष्टीने शहर म्हणजे एक पायरी. मुलीला ती पायरी चढता येत नाही. एकटीने परगावी राहणे घरच्यांना पटत नाही, वसतिगृहाचा खर्च झेपत नाही. म्हणून सोलापुरात काम नसणे याचा अर्थ मुलासाठी ‘स्थलांतर’ असा होतो आणि मुलीसाठी पुष्कळदा ‘लग्न’ असा होतो. दोघेही शहर सोडतात. पण एकाच्या जाण्याला आपण नोकरी म्हणतो आणि दुसरीच्या जाण्याला स्थळ. माझ्या वर्गातील दोन मैत्रिणी पहिल्या वर्षानंतर अशाच गेल्या. त्या हुशार होत्या. एकीला आपल्या शहरातच साधी लिखापढीची नोकरी मिळाली असती, तर तिच्या आईने आणखी दोन वर्षे थांबायला हरकत घेतली नसती, असे त्या आईनेच मला सांगितले.

तिसऱ्या प्रश्नाला माणसे का थांबतात, ते आता समजते. आईबाप या शहराचे ऋणी आहेत. त्याने त्यांना आश्रय दिला, भाकर दिली, काहींना घरही दिले. त्याच शहरावर मुलांच्या बाबतीत विश्वास ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवता येत नाही. मन म्हणते राहावे, व्यवहार म्हणतो जावे.

काय करता येईल?

मोठमोठे उपाय सुचविण्याइतका माझा अभ्यास नाही. तरी लोकांशी बोलताना दोन-तीन गोष्टी लक्षात आल्या. पुण्यातील नोकऱ्या इथे येतील म्हणून वाट पाहण्यापेक्षा जे उद्योग इथे रुजलेले आहेत त्यांतच शिकलेल्यांना जागा शोधली पाहिजे. शालेय गणवेश शिवण्याचा उद्योग सोलापुरात वाढला आहे. त्यात शिवणारे हात स्त्रियांचे आहेत. मग हिशेब ठेवणे, मागणी घेणे, मालाची तपासणी करणे, परगावच्या व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार करणे ही कामे पदवीधर मुलींनी का करू नयेत? दवाखान्यांत डॉक्टर-परिचारिकांखेरीज नोंदी, औषधभांडार, विम्याची कागदपत्रे अशी कितीतरी कामे असतात. चार भाषा कानावर घेऊन वाढलेली सोलापूरची मुलगी तेलंगण आणि कर्नाटकातून आलेल्या रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलू शकते. आपण ज्याला साधी गोष्ट समजतो ते आपले भांडवल आहे. माझी आई घरी कडक भाकऱ्या करून दुकानांना देते. तिला भाकरी येते, पण पावती, परवाना आणि बँकेचे कागद यांची भीती वाटते. त्या कागदांचे काम आता मी करते आणि दोन शेजारणींचेही. याला नोकरी म्हणता येणार नाही; पण शिक्षणाचा उपयोग आपल्याच गल्लीत होऊ शकतो, एवढे तरी यातून कळले.

शेवटी प्राध्यापकवर्गाला एक नम्र विनंती. आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी इतके विद्यार्थी बाहेर पडतात. ते पुढे कोठे जातात याची नोंद ठेवावी. कोण सोलापुरात राहिले, कोण पुण्याला गेले, कोणाला काम मिळाले आणि किती विद्यार्थिनींचे शिक्षण मध्येच थांबले, एवढे चार रकाने पुरेत. समाजशास्त्राच्या व भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन ही माहिती जमवावी. मी स्वतः पूर्व भागाचे काम घ्यायला तयार आहे. मध्यम शहर चांगले की वाईट हा वाद चहाच्या टपरीवर कितीही वेळ चालेल. त्याचा निकाल त्या चार रकान्यांत आहे, आणि त्यांतही शेवटच्या रकान्यात अधिक.